घाडीगावकरांच्या घरची समजावणी

सव्वीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. नववीच्या पुस्तकात शेवटून दुसरा धडा संयुक्त राष्ट्रांचा. तो यायचा नेमका फेब्रुवारी संपताना, म्हणजे पोरींचं लक्ष परीक्षेकडे आणि माझं उन्हाळी सुट्टीकडे. मी फळ्यावर आमसभा, सुरक्षा परिषद, सचिवालय असे चौकोन काढायची, त्यांना बाणांनी जोडायची आणि 'संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नसते, सदस्य राष्ट्रे आपल्या तुकड्या पुरवतात' हे वाक्य खाली अधोरेखित करायला लावायची. पाच मार्कांचा प्रश्न. माझ्या पोरी तो हमखास सोडवायच्या. त्या तुकड्यांमधली माणसं कोण, ती परत आल्यावर कुठे राहतात, काय खातात, असा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही तो पडला नाही. त्यातला एक माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे राहत होता.

सहदेव घाडीगावकर. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, त्यांना लागून माझ्या दोन. मूळ गाव देवगडच्या बाजूला. वडील गिरणीत होते, पण हा मुलगा गिरणीत न जाता पलटणीत भरती झाला. पंधरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून सुटला आणि मुलुंडच्याच एका कारखान्याच्या फाटकावर लागला. सोसायटीत सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. नवीन बिऱ्हाडकरू त्यांना पोलीस समजून पहिले दोन महिने दबून असायचे, मग खरं कळल्यावर त्यांच्या दारासमोर खुशाल कचरा टाकायचे.

हवालदारांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते कुणाची बाजू घेत नसत. पाण्याच्या टाकीवरून भांडण, गच्चीत वाळवण घालण्यावरून भांडण, वरच्या मजल्यावरच्या मिरची कांडण्यावरून भांडण, सगळं त्यांच्याकडे जायचं. ते दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचे, दोघांना सारखा वेळ द्यायचे, वहीत लिहून घ्यायचे आणि खाली दोघांच्या सह्या घ्यायचे. समोरचा कितीही गळ्यात पडो, 'तुमचं बरोबर आहे' एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. गणेशोत्सवाच्या कमिटीची निवडणूक त्यांच्याशिवाय होत नसे, आणि निवडणूक झाल्यावर चहाला त्यांना कुणी बोलवत नसे. त्यात लोकांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. जो माणूस आपल्या बाजूने कधी बोलणारच नाही, त्याच्याशी गप्पा मारून करायचं काय? त्यांचा न्याय सगळ्यांना हवा होता, पण ते स्वतः कुणालाच नको होते.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला एका फेब्रुवारीत कळलं. मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचत होते. आमच्या भिंती अशा, की एकाने आवंढा गिळला तर दुसऱ्याला कळावं. थोड्या वेळाने हवालदार दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात आमचं कमिशन नाहीये."

"कोणतं कमिशन?"

"कोरियाचं. त्रेपन्न साल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचनालयात जाऊन ताडून पाहिलं. माझा स्वभावच तसा आहे. सगळं खरं निघालं.

कोरियातली लढाई थांबत आली होती, पण दोन्हीकडच्या कैद्यांचं काय करायचं यावर तह अडला होता. हजारो कैदी म्हणत होते, आम्हाला मायदेशी परत जायचंच नाही. खरंच नाही म्हणतात की कुणी धमकावून त्यांच्याकडून म्हणवून घेतंय, हे ठरवायचं कुणी? म्हणून पाच देशांचं एक कमिशन नेमलं. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूला झुकणारे, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूला झुकणारे, आणि मधल्या खुर्चीवर भारत. मत बहुतेक वेळा दोनास दोन पडायचं आणि शेवटचं वजन आपलं. कैद्यांना सांभाळायला सैन्यही एकट्या भारताचं. पण दक्षिण कोरियाचं सरकार म्हणालं, आमच्या जमिनीवर तुमच्या शिपायांचं पाऊल नको. मग बंदरात जहाजावरून उतरवून आपल्या पलटणी हेलिकॉप्टरने थेट मधल्या पट्ट्यात नेल्या.

"बाविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा आकाशातून जमीन बघितली," हवालदार म्हणाले. "आणि ज्या जमिनीवर उतरलो ती कुणाचीच नव्हती."

तिथे तंबू ठोकले होते. एकेका कैद्याला एकेका तंबूत आणायचं. समोर त्याच्या मायदेशाहून आलेले लोक बसलेले. ते त्याला घरी यायला समजवायचे. शेजारी पाचही देशांची माणसं, दुभाषे, निरीक्षक. समजावणी संपली की कैद्याने उठायचं. तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एक मायदेशाकडे, दुसरं परत छावणीकडे. कुणी हात धरायचा नाही, ढकलायचं नाही. तो ज्या दाराने जाईल तो त्याचा जबाब.

"मी दारावर होतो. आम्हाला हुकूम होता, कैद्याकडे बघून मान हलवायची नाही. हसायचं नाही. भुवईसुद्धा वर करायची नाही. आपल्या चेहऱ्यावरून त्याला काही कळलं तर तो जबाब त्याचा राहत नाही."

"आणि तुम्ही पाळलंत?"

"एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. दोन तास बसला होता. समजावणाऱ्यांकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. शेवटी उठला तरी माझ्याकडे बघत उभा राहिला. मी पापणी हलवली नाही, बाई. साहेबांनी नंतर पाठ थोपटली."

"मग तो कुठल्या दाराने गेला?"

"ते वहीत आहे," ते म्हणाले. माझ्या मते त्यांना आठवत होतं. सांगायचं नव्हतं.

मी आणखी खोदलं तेव्हा एवढंच म्हणाले, की अठ्ठ्याऐंशी कैदी असेही निघाले ज्यांना हेही दार नको आणि तेही नको. त्यांना आपल्या लोकांनी जहाजातून मद्रासला आणलं. मी विचारलं, "त्यांना तिसरीकडे या म्हणून कुणी समजावलं होतं?" ते म्हणाले, "छे. तिसऱ्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतंच. आम्ही तटस्थ ना."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना वर्गावर नेलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. इतपर्यंत ही गोष्ट सांगायला मला आवडते. पुढची सांगताना माझं डोकं फिरतं.

त्यांची बायको जानकी. लग्न झाल्यावर आठ वर्षं ती गावी होती, हे पलटणीत. मग मुलुंडला आली ती वीस वर्षं इथेच. ठेंगणी, कामाला वाघ, आणि बोलायची भयंकर हौस. पण नवऱ्याशी बोलायची म्हणजे तिने दहा वाक्यं बोलायची आणि त्यांनी ऐकून घेतल्याची मान हलवायची. 'आज बांगडे आणू की सौंदाळे?' तर 'तुझी इच्छा.' 'नलूला साडी निळी घेऊ की मोरपंखी?' तर 'तुझी इच्छा.' बायकोला इतकी मोकळीक देणारा नवरा आमच्या सोसायटीत दुसरा नव्हता आणि बाकीच्या बायका तिचा हेवा करायच्या. मला लग्नाचा अनुभव नाही. मीही करायची.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. गावी हवालदारांची आई पडली, कमरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ धाकू शेती बघायचा, पण त्याची बायको आदल्याच वर्षी वारलेली. तो तांदळाचं पोतं आणि कोकमं घेऊन मुलुंडला हजर झाला: वहिनीला न्यायला. त्याच आठवड्यात मुलगी नलू, म्हणजे नलिनी, चारकोपहून आली. ती आणि नवरा दोघं नोकरीला, तिला सहावा महिना, आई पुढची दोन वर्षं तरी आपल्याकडे हवी. दोघं एकमेकांवर ओरडले. जानकी मधे उभी राहून कढी ढवळत होती.

कुठलाही सरळ माणूस अशा वेळी काय करतो? आईची सोय बघतो, मुलीची समजूत घालतो, बायकोला विचारतो, काहीतरी तोडगा काढतो. हवालदारांनी रविवारची समजावणी ठेवली.

मी अतिशयोक्ती करत नाही. मी तिथे होते. मला त्यांनी निरीक्षक म्हणून बोलावलं होतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल दिलं होतं. "निरीक्षकाने फक्त बघायचं, बाई. बोलायचं नाही," असं बजावलंही. इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः टेबलाशी वही उघडून बसले. जानकीला मधे खुर्ची. तिचे हात नुकतंच खोबरं किसल्याने ओले होते, ते ती पदराला पुसत होती. धाकू मागच्या दाराकडे, नलिनी पुढच्या दाराकडे. आमच्या तळमजल्याच्या घरांना दोन दारं आहेत हे माझ्या लक्षात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. गजराचं घड्याळ लावलं. दोघांना अर्धा अर्धा तास.

धाकू म्हणाला, "वयनी, आवशीक कूस बदलूक माणूस होया. मी पुरुष माणूस काय काय करू? तू नाय इलंस तर म्हातारी खितपत मरतली. तिचो तळतळाट लागात."

"शापाची भाषा चालणार नाही," हवालदार म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं.

नलिनी रडायला लागली. "आई, तू माझी आई आहेस ना गं? मग?"

"रडणं हा दबाव आहे. पाच मिनिटं थांबू." आणि त्यांनी खरंच घड्याळ थांबवलं. पोटुशी मुलगी हुंदके देतेय आणि बाप घड्याळाला हात लावून बसलाय. मला उठून त्यांच्या हातातलं ते घड्याळ फेकून द्यावंसं वाटलं. पण मी निरीक्षक. बसून राहिले.

दोघांचं झाल्यावर हवालदारांनी विचारलं, "जानकी, दोघांचं ऐकलंस. समजलं?"

"समाजला."

"कुणाची जबरदस्ती नाही. कुणी रागावणार नाही. ऊठ, आणि तुला योग्य वाटेल त्या दाराकडे जा."

जानकी उठली. धाकूकडे तिने बघितलं नाही, नलिनीकडेही नाही. ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मिनिटभर तरी असेल. माझ्या जागेवरून मला दोघांचे चेहरे दिसत होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. भुवईसुद्धा हलली नाही.

मग ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि धुणं धुवायच्या दगडावर पाठ करून बसली. हवालदारांनी वहीत लिहिलं आणि माझ्यापुढे सहीला वही सरकवली. मी सही केली.

नलिनी पाणीही न पिता चारकोपला गेली. दुसऱ्या दिवशी हवालदार फाटकावर गेल्यावर मी जानकीला सामान बांधायला मदत करायला गेले. ती ट्रंकेत लुगडी रचत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, ह्येंच्या तोंडातसून 'रव' असो एक शबूद इलो असतो ना, तर मी खय गेलंय नसतंय."

राहा, एवढंच. आई आणि मुलगी दोघींची सोय आठ-आठ दिवस पाळीने जाऊन तिने कशीही केली असती. बाईमाणूस करतंच.

"मी सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. मागान घेतललो शबूद माका नको."

ती नको म्हणाली, म्हणून मी सांगितलं नाही. असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत होते. ते 'नको' कसलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतरचे हवालदार मी रोज पाहिले. पहाटे उठून स्वतः डबा करायचे. आमटी नाही तर पिठलं, पिठलं नाही तर आमटी. फाटकावरून आले की दार लावून घ्यायचे आणि भिंतीपलीकडे एकही आवाज नाही, रेडिओही नाही. जानकी असताना त्या घरातून इतकं बोलणं ऐकू यायचं, की मला वह्या तपासणं मुश्कील व्हायचं. आता मी वह्या तपासायचं थांबून कान देत असे. सोसायटीतली भांडणं त्यांच्याकडे येणंही कमी झालं. बायको निघून गेलेल्या माणसाकडे न्याय मागायला लोकांना अवघड वाटायचं. गणपतीला ते गावी जायचे, जानकी त्यांना जेवायला वाढायची, ते दहा दिवसांनी परत यायचे. नलिनीला मुलगी झाली. बारशाला दोघं वेगवेगळे आले आणि वेगवेगळे गेले.

हळूहळू संध्याकाळी ते माझ्याकडे पेपर वाचायला यायला लागले. मी चहा टाकायची. ते परराष्ट्राचं पान मोठ्याने वाचायचे, मी त्यांच्या चुका काढायची. लेबननमध्ये कुणाच्या तुकड्या, सायप्रसमध्ये कुणाच्या, कोण किती वर्षं त्या मधल्या पट्टीवर उभं आहे. एकदा ते म्हणाले, "सायप्रसमध्ये चोवीस वर्षं झाली, बाई. दोन्हीकडचे आता लढत नाहीत, पण बोलतही नाहीत. मधले गेले तर लढतील म्हणून मधले उभे." त्या तासाभराची मी दिवसभर वाट बघायची, हे लिहायला मला लाज वाटते. पण आहे ते आहे.

अठ्ठ्याऐंशी साली शांतिसेनांना नोबेल पारितोषिक मिळालं. सोसायटीला एकदम आठवलं की आपल्याकडेही एक आहे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांचा सत्कार ठरला. हवालदारांनी सेक्रेटरीला तीनदा सांगितलं, "ते बक्षीस संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्यांना आहे. आमचं कमिशन तहाच्या कागदातून निघालेलं, टोपी आमची आमचीच. मी त्या यादीत नाही." सेक्रेटरी म्हणाला, "हवालदार, शाल आणलीय ना आता!" शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. ते घरी येऊन शाल घडी करून माझ्याकडे घेऊन आले. "ही दुसऱ्याची आहे, बाई. कुणाला परत करू?" मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं आणि हसू विरलं. शाल दाखवायलाही त्यांच्या घरात कुणी नव्हतं.

मार्चमध्ये गावाहून तार आली. आई गेली. हवालदार गेले, दिवसकार्य केलं आणि सोळा दिवसांनी परत आले. एकटे.

"जानकी?" मी दारातच विचारलं.

"तिने विचारलं, आता मी काय करू. मी म्हटलं, तुझी इच्छा."

माझ्या हातात चहाचं गाळणं होतं. ते मी मोरीत फेकलं. "अहो, तुम्ही माणूस आहात की खांब? ती तुमची कैदी आहे का? दोन वर्षांपूर्वी तुमच्या तोंडाकडे बघत उभी होती ती, दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

"म्हणूनच हललो नाही." त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या मनात होतं ना, बाई, ती राहावी. मनात होतं म्हणून तर जपायला हवं होतं. नाही तर तिचा जबाब तिचा कसा?"

"तिचा जबाब तुम्हाला हवाय? मी सांगते." आणि ट्रंकेपाशी जानकी जे बोलली ते मी शब्दन् शब्द सांगितलं.

ते स्टुलावर बसले. पेपर हातात धरला, उलटा. मग विचारलं, "हे तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"हो."

'मग सांगितलं का नाहीत?' असं त्यांनी मला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. की नको म्हणाली म्हणून? की सांगितलं असतं तर तुम्ही तिला घेऊन आला असता आणि माझ्याकडे पेपर वाचायला आला नसता? दुसरं उत्तर जास्त खरं आहे. मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

आठवड्याच्या आत रजा टाकून ते पुन्हा गावी गेले. या वेळी ते समजवायला जात होते. आठ दिवसांनी परत आले तेव्हा घसा बसलेला होता.

"तीन दिवस बोललो, बाई. आयुष्यात एवढं बोललो नव्हतो. चल म्हटलं. तू नसताना घर खायला उठतं म्हटलं. त्या रविवारी मी चुकलो म्हटलं. रडलो पण."

"आणि ती?"

"सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरा वाटला. पण येवचंय नाय." ते तिच्या बोलीत बोलायला लागले तशी त्यांची मान खाली गेली. "म्हणाली, मुलुंडाक मी वीस वर्सां भितीवांगडा बोललंय. हंय गाय तरी हंबारता."

वीस वर्षं भिंतीशी बोलले म्हणाली ती, आणि त्या भिंतीच्या अलीकडे मी होते.

"मग तुम्हीच राहायचंत ना तिथे! जूनमध्ये निवृत्त होताय. इथे काय पुरून ठेवलंय?"

हवालदारांनी माझ्याकडे अगदी निरागस चेहऱ्याने पाहिलं. "तसं ती काही म्हणाली नाही."

मी कपाळावर हात मारला. एकाने शब्द काढायला दोन वर्षं लावली, आता दुसरी अडून बसली. आणि हे दोघं पन्नाशी उलटलेले! त्याच संध्याकाळी मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि जानकीला लिहिलं. चांगलं खरमरीत लिहिलं. लिहिलं, की बाई, तो माणूस तुझ्या दारात तीन दिवस गळा फोडून आला, आता तुझी पाळी. ये म्हणायला तुझ्या जिभेला काय हाड आहे का? पत्र पेटीत टाकताना मला नीट ठाऊक होतं मी काय करतेय ते. तरी टाकलं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं, जानकीच्या हातचं, मोठ्या वाकड्या अक्षरांत. 'आपल्या घराक ये म्हणान कोणी कोणाक सांगता काय? तरी सांगतंय. त्येंका येवा म्हणाचा.' मी ते हवालदारांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, पुन्हा स्वतः वाचलं, खिशात ठेवलं आणि चहा न घेताच घरी गेले. भिंतीपलीकडे ट्रंक ओढल्याचा आवाज यायला लागला.

जूनच्या तीस तारखेला फाटकावरची नोकरी संपली. खोल्या त्यांनी नलिनीच्या नावावर करून दिल्या. ती चारकोपहून मुलीला घेऊन आली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. बापाला भेटून रडली आणि या वेळी त्यांनी तिला थांबवलं नाही, डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. कारखान्यातल्या माणिकरावांनी रिक्षा आणली होती. सोसायटीतलं बाकी कुणी खाली आलं नाही.

रिक्षात ट्रंक चढवल्यावर हवालदार माझ्या दाराशी आले. इस्त्रीचा शर्ट होता. "बाई, निघतो," म्हणाले. मग जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले. माझ्या ओरडण्यातून त्यांना एवढं तरी कळलं होतं, की समोरच्याच्या मनातलं विचारून घ्यावं. त्यांनी चक्क विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

मला ते जायला नको होते. माझं वय तेव्हा त्रेपन्न होतं, घरात चार भांडी आणि तपासायच्या वह्या, आणि दिवसभरात मला हवा असलेला एकच तास त्या माणसाबरोबर निघाला होता. त्यात पाप काही नव्हतं. फक्त सवय होती, आणि जिव्हाळा होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. त्यांना मी स्वतःच पाठवलं होतं, आणि ते बरोबरच केलं होतं. तरीही एवढं तरी तोंडातून निघायला हवं होतं, की हवालदार, तुम्ही गेल्यावर मला फार एकटं वाटेल. जानकीने वाकड्या अक्षरांत का होईना, लिहिलं. त्यांनी तीन दिवस घसा बसेपर्यंत सांगितलं. राहिले ती मी.

"गाडी चुकेल," मी म्हटलं. "निघा आता."

ते निघाले. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी घरात आले आणि सातवीच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.